जुनं सप्लिमेंट चांगलं की नवं? टेबलावर मांडून तपासायची रीत

छत्रपती संभाजीनगर असो, नांदेड असो की लातूर, चार-पाच जण रोल-प्लेइंगचा, म्हणजे पात्रांच्या भूमिका घेऊन खेळायचा, खेळ मांडून फासे घेऊन बसले की जुनं सप्लिमेंट, म्हणजे खेळाचं पूरक पुस्तक, चांगलं की नवं, हा वाद निघतोच. ज्यांनी ऐंशीच्या दशकातल्या पुस्तकांच्या पीडीएफ वाचल्या आहेत, त्यांना नव्या पुस्तकांत नुसती चित्रं दिसतात. ज्यांनी सुरुवातच ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या पाचव्या आवृत्तीपासून केली, त्यांना जुन्या पुस्तकात कुठून सुरू करायचं तेच कळत नाही. दोघंही बहुतेक वेळा पुस्तक वाचून मत देतात, चालवून नव्हे. सप्लिमेंट ही कादंबरी नाही. डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, हातातलं ते कामाचं साधन आहे, आणि त्याचा दर्जा एकाच गोष्टीवर ठरतो: किती तयारीत किती खेळ मिळाला. खालची सगळी रीत या एका प्रश्नासाठी आहे. उदाहरणं मुख्यतः ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची घेतली आहेत, कारण तिथे एकाच विषयावरची जुनी-नवी पुस्तकं सहज सापडतात.

आधी जोडी नीट लावा

निम्मा वाद चुकीच्या जोडीमुळे होतो. १९७८ चं गाजलेलं मॉड्यूल (छापील साहसकथा) एका हातात आणि परवा आलेलं राक्षसांचं पुस्तक दुसऱ्या हातात घेऊन काहीच सिद्ध होत नाही. साहसकथेसमोर साहसकथा ठेवा, जगाच्या वर्णनासमोर जगाचं वर्णन, नियमांच्या पुरवणीसमोर नियमांची पुरवणी.

सगळ्यात उत्तम जोडी म्हणजे दोनदा छापलेलं एकच साहस. लॉरेन्स शिक यांचं ‘व्हाइट प्ल्यूम माउंटन’ १९७९ मध्ये आलं आणि २०१७ मध्ये ‘टेल्स फ्रॉम द यॉनिंग पोर्टल’ या संग्रहात पाचव्या आवृत्तीच्या नियमांसह पुन्हा छापलं गेलं. कल्पना तीच, खोल्या त्याच. त्यामुळे जो फरक दिसेल तो मांडणीचा आणि नियमांचा. पहिल्यांदा तुलना करणाऱ्यानं इथूनच सुरुवात करावी.

दुसरी जोडी ‘रेव्हनलॉफ्ट’ची. ट्रेसी आणि लॉरा हिकमन यांचं मूळ मॉड्यूल १९८३ चं, ३२ पानांचं. त्यावरून २०१६ मध्ये आलेलं ‘कर्स ऑफ स्ट्राड’ २५६ पानांचं आहे. तिसरी जोडी ‘स्पेलजॅमर’, म्हणजे अवकाशात फिरणाऱ्या जहाजांच्या जगाची: १९८९ चा बॉक्स आणि २०२२ चा तीन पुस्तकांचा संच. ‘कॉल ऑफ क्थुलू’ हा भयकथांचा खेळ खेळणाऱ्यांसाठी ‘मास्क्स ऑफ न्यार्लाथोटेप’ आहे, मूळ १९८४ चं आणि विस्तारलेलं २०१८ चं.

एक गोष्ट मनात पक्की ठेवा. जुन्यातलं आज आपल्यापर्यंत जे पोचलंय ते गाळून पोचलंय. त्या काळात कंटाळवाणी, घाईत लिहिलेली मॉड्यूलंही भरपूर निघाली, पण त्यांची आठवण कोणी काढत नाही. नव्यातलं मात्र चांगलं-वाईट सगळंच आपल्यासमोर एकदम येतं. म्हणून जुन्यातल्या सर्वोत्तमाला नव्यातलं सर्वोत्तमच भिडवा.

ते कशासाठी लिहिलं होतं, हे विचारा

‘टूम ऑफ हॉरर्स’ या मॉड्यूलमध्ये पात्रं पटापट मरतात म्हणून लोक त्याला वाईट म्हणतात. पण १९७५ च्या ‘ओरिजिन्स’ संमेलनात ते स्पर्धेसाठी चालवलं गेलं होतं आणि १९७८ मध्ये छापलं गेलं. स्पर्धेत वेळ मोजका असतो आणि कोण किती आत पोचलं ते बघायचं असतं. तिथे निर्दयपणा हाच मुद्दा होता. तेच साहस वर्षभर जपलेल्या पात्रांसमोर ठेवलं, तर दोष ठेवणाऱ्याचा.

‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ हे मॉड्यूल सुरुवातीच्या नियमांच्या बेसिक सेटच्या डब्यात नवशिक्या डीएमसाठी दिलं जायचं. त्यामुळे त्यात खोल्यांइतकाच डीएमला दिलेला सल्ला महत्त्वाचा आहे. तो सल्ला आजही कामाचा आहे आणि आजच्या अनेक महागड्या पुस्तकांत तितका स्पष्ट सापडत नाही.

खजिन्याचंही तसंच. जुन्या मॉड्यूलमध्ये सोन्याची रास दिसली की नवा डीएम म्हणतो, ‘एवढं कशाला?’ त्या नियमांत साधारणपणे सोन्याच्या एका नाण्याला एक अनुभवगुण मिळायचा. म्हणजे सोनं हीच प्रगती होती आणि लढाई टाळून सोनं उचलणं हे शहाणपण होतं. हे माहीत नसताना जुनं मॉड्यूल पाचव्या आवृत्तीत चालवलं, तर खेळाडू श्रीमंत होतात पण लेव्हल वाढत नाही, आणि दोष पुस्तकाला जातो.

एक खोली, एक मिनिट

ही चाचणी मला सगळ्यात जास्त भरवशाची वाटते. साधन एकच, मोबाइलमधला टायमर.

पुस्तकातली मधलीच कुठलीतरी खोली उघडा. पहिली खोली नको, तिच्यावर लेखक जास्त मेहनत घेतो. टायमर एका मिनिटावर लावा आणि वाचा. मग पुस्तक मिटून समोरच्याला आपल्या मराठीत ती खोली सांगा. शिरल्याबरोबर काय दिसतं, कोण आहे आणि ते आत्ता काय करतंय, खेळाडूंना हात घालण्याजोगं काय आहे, आणि त्यांनी काहीच केलं नाही तर पुढे काय होईल. चारही सांगता आलं तर ती खोली उत्तम लिहिलेली आहे. राजाच्या आजोबांची कथा आठवली पण दरवाजा कुठल्या बाजूला ते आठवलं नाही, तर लेखकानं तुमचा वेळ खाल्ला.

‘व्हाइट प्ल्यूम’मधली उकळत्या चिखलाची गुहा घ्या. खाली चिखल खदखदतोय, छतापासून साखळ्यांनी टांगलेल्या लाकडी चकत्या आहेत, पलीकडे जायला त्यांवरूनच उड्या मारायच्या. मधूनमधून ठरावीक अंतरानं चिखलाचे फवारे उसळतात. चकत्या हलतात, साखळ्या निसरड्या आहेत, आणि पुढचा फवारा कधी येणार याचा अंदाज खेळाडूंनी बघून बांधायचा. ही खोली एकदा वाचली की डोक्यात बसते. टेबलावर सांगताना पुन्हा पुस्तकात बघावं लागत नाही. खेळाडू लगेच विचारू लागतात: दोर बांधता येईल का, एका चकतीवर दोघं उभे राहिले तर, उडायचा मंत्र कोणाकडे आहे. खोलीची गुणवत्ता ती हीच, आणि ती १९७९ लाही होती, २०१७ लाही आहे.

आता याच साहसात राक्षस असलेल्या खोल्यांकडे या. जुन्या छपाईत राक्षसाचे आकडे तिथल्या तिथे, मजकुरातच, एक-दोन ओळींत दिलेले असतात. नव्यात राक्षसाचं नाव ठळक टाइपात असतं आणि आकडे दुसऱ्या पुस्तकात नाहीतर याच पुस्तकाच्या शेवटी. आपण किती वेळा पानं उलटली ते कागदावर रेघ मारून मोजा. या एका बाबतीत मी जुन्याला सरळ वरचा नंबर देतो. त्या बदल्यात नव्या छपाईचा टाइप मोठा आहे, परिच्छेद सुटसुटीत आहेत आणि शीर्षकं चटकन सापडतात. जुन्यात बारीक अक्षरांचे दोन रकाने पानभर धावतात आणि सापळ्याचा महत्त्वाचा तपशील परिच्छेदाच्या शेवटच्या वाक्यात दडलेला असतो.

आणि नवं म्हणजे लांबलचक, हा समजही सोडून द्या. २०१९ मध्ये आलेलं ‘ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स’ हे नियमांचं पुस्तक १९८१ च्या नियमांवर उभं आहे, पण त्याची मांडणी आजची आहे: छोटे मुद्दे, ठळक शब्द, आणि शक्यतो एक विषय समोरासमोरच्या दोन पानांत. मांडणीचा धडा घ्यायचा असेल तर तो तिथून घ्यावा.

आकडे बदलू नका, प्राणी बदला

जुनं मॉड्यूल नव्या नियमांत चालवताना लोक सूत्र लावतात. पूर्वी आर्मर क्लास, म्हणजे फटका लागणं किती अवघड ते सांगणारा आकडा, जितका कमी तितका चांगला. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून तो उलटा झाला. ॲडव्हान्स्ड आवृत्तीतला आकडा वीसमधून वजा केला की नवा आकडा येतो. १९८१ च्या बेसिकमध्ये बिनचिलखती माणूस नऊवर असतो, म्हणून तिथे एकोणिसातून वजा करायचं.

सूत्र बरोबर आहे, तरी तुलनेसाठी ते फसवं आहे. एक ओगर (धिप्पाड राक्षस) घ्या. १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये त्याचा आर्मर क्लास ५, हिट डाइस चार अधिक एक (आठ बाजूंचे चार फासे टाकून बेरजेत एक मिळवायचा), म्हणजे सरासरी १९ हिट पॉइंट (किती मार सोसून मरेल तो आकडा), आणि फटका १ ते १०. सूत्रानं त्याचा आर्मर क्लास १५ होतो. पण २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतल्या ओगरचा आर्मर क्लास आहे ११ आणि हिट पॉइंट ५९. म्हणजे नवा ओगर सहज लागतो, पण मरायला वेळ घेतो. जुन्या मॉड्यूलमध्ये ‘सहा ओगर’ लिहिलंय म्हणून नव्या नियमांत सहाच्या सहा उभे केले, तर दहा मिनिटांची चकमक तासभर चालते आणि सगळ्यांना वाटतं की मॉड्यूल रटाळ आहे.

म्हणून जुनं नव्यात आणताना नवीन पुस्तकातला प्राणी जसाच्या तसा घ्या आणि संख्या कमी करा. त्याहून बरं म्हणजे दर्जा ठरवण्यापुरतं तरी जुनं मॉड्यूल जुन्याच नियमांत खेळा. ‘बेसिक फँटसी’चे नियम फुकट मिळतात, ‘ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स’चे मूलभूत नियमही फुकट आहेत, आणि पाचव्या आवृत्तीचा संदर्भग्रंथ जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला आहे. दोन्ही पद्धती शिकायला खिशाला झळ बसत नाही.

जागेमागे कारण आहे का

मराठवाड्यातल्या खेळाडूला एक फायदा आहे: डंजन (सापळ्यांनी भरलेलं भुयार) म्हणजे काय हे त्याला पायांनी माहीत असतं. शाळेच्या सहलीत देवगिरी सगळ्यांनीच चढलेला असतो. कातळात खोदलेला खंदक, डोंगराचे तासून सरळ केलेले कडे, आत शिरायला एकच अरुंद वाट, आणि मग अंधारी. तिथे वळणावळणांच्या काळोखात पाय चाचपडतो, वरच्या तोंडाशी आग पेटवून भुयारात धूर सोडायची सोय होती असं गाइड सांगतो, आणि मागच्याचा हात आपोआप आपल्या खांद्यावर येतो. तिथली प्रत्येक अडचण कोणीतरी कोणालातरी रोखायला केलेली आहे.

हाच प्रश्न पुस्तकातल्या नकाशाला विचारा. हा सापळा कोणी लावला, कोणासाठी? इथे राहणारे रोज त्यावरून कसे जातात? पाणी कुठून येतं? ‘व्हाइट प्ल्यूम’ या परीक्षेत काठावर पास होतं, कारण सगळ्याचं खापर एका वेड्या जादूगारावर फोडलेलं आहे. खोल्या एकेकट्या भन्नाट आहेत, पण त्यांची एकमेकींशी ओळख नाही. ‘रेव्हनलॉफ्ट’चा किल्ला मात्र पूर्ण गुणांनी पास होतो. डेव्हिड सदरलँड यांनी तो तिरप्या, त्रिमितीय पद्धतीनं काढला. कुठला जिना कुठल्या मजल्यावर उघडतो, मनोरा कशाच्या वर आहे, तळघर किती खाली आहे, हे एका नजरेत दिसतं. २०१६ च्या पुस्तकानंही तीच पद्धत ठेवली, यातच त्या नकाशाचं मोल कळतं.

याच साहसातली पत्त्यांची भविष्यवाणी बघा. सुरुवातीला एक भविष्यवेत्ती पत्ते मांडते, आणि महत्त्वाच्या वस्तू कुठे लपल्या आहेत व किल्ल्याचा मालक व्हॅम्पायर स्ट्राड याच्याशी शेवटचा सामना कुठे होईल ते त्या पत्त्यांवर ठरतं. म्हणून तेच साहस पुन्हा चालवलं तरी वाट वेगळी होते. नव्या पुस्तकात ५४ पत्त्यांचा खास संच वापरला आहे, पण घरातला साधा पत्त्यांचा कॅट कसा वापरायचा तेही दिलं आहे. नव्यानं इथे जुन्याचं सोनं जपलं आणि भोवतीचा अख्खा मुलूख वाढवला: गावं, कुटुंबं, जंगलं, प्रत्येकाची दुखणी. महिनोन्महिने खेळणाऱ्या ग्रुपला मी ‘कर्स ऑफ स्ट्राड’च सुचवतो. दिवाळीच्या सुट्टीत गावी जमलेल्या मित्रांना दोन-तीन रात्री खेळायचं असेल, तर ३२ पानांचं मूळ मॉड्यूल.

पानं वाढली म्हणजे माल वाढला असं मात्र नाही. २०२२ च्या ‘स्पेलजॅमर’ संचातली तिन्ही पुस्तकं प्रत्येकी ६४ पानांची. जहाजं सुंदर रंगवली आहेत, प्राणी मजेदार आहेत, पण जहाजांची आपसातली लढाई चालवायला नियम फार तोकडे. ज्या खेळाचा जीवच जहाजात आहे, तिथे ही उणीव मोठी. १९८९ च्या बॉक्समध्ये ते नियम होते. गुंतागुंतीचे होते, पण होते.

माणसं कशी लिहिली आहेत

‘कीप ऑन द बॉर्डरलँड्स’च्या किल्ल्यात पहारेकरी, सराफ, लोहार, किल्लेदार सगळे आहेत, पण त्यांना नावंच नाहीत. नावं डीएमनं द्यायची. नवख्याला ही पोकळी वाटते. मला ती मोकळी जागा वाटते, कारण तिथे आपली माणसं बसवता येतात. किल्लेदाराला परांड्याची किंवा नळदुर्गची भाषा द्या, सराफाला गुलमंडीवरच्या दुकानदाराची घासाघीस द्या, खेळाडू तासभर बाजारातून हलत नाहीत. गुण देताना एवढंच बघा: मोकळी जागा मुद्दाम ठेवलीय की विसरलीय. मुद्दाम ठेवलेली असेल तर ती कशी भरायची याची सूचना जवळपास असते.

संस्कृतीच्या बाबतीत मात्र मी जुन्याची बाजू घेणार नाही. १९८० च्या ‘डीटीज अँड डेमिगॉड्स’मध्ये इंद्र, विष्णू, काली यांना आर्मर क्लास आणि हिट पॉइंट देऊन राक्षसांसारखं मांडलं होतं. ज्यांच्या घरात रोज देवपूजा होते अशा मुलांसमोर ते पान उघडणं अवघड आहे, आणि खेळ म्हणूनही ते कोरडं आहे. त्यातून कुठलीच गोष्ट सुचत नाही. २०२२ च्या ‘जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल’मध्ये मिमी मोंडल यांनी बंगालच्या नदीकाठच्या भूमीवरून स्फुरलेलं साहस लिहिलंय. ते आतल्या माणसानं लिहिलंय हे वाचताना जाणवतं. तिथली नदी, तिथले लोक, त्यांची भांडणं आपल्याला परकी वाटत नाहीत, आणि साहसातल्या मणिवर्षा या ठिकाणाच्या जागी गोदाकाठचं गाव ठेवलं तरी गोष्ट उभी राहते.

कागद, पीडीएफ आणि झेरॉक्सचं दुकान

छापील जुनी प्रत आपल्याकडे क्वचितच हाती लागते. लागलीच तर बांधणी बघा. १९८५ चं ‘अनअर्थ्ड आर्काना’ पानं सुटण्याबद्दल बदनाम आहे, तर त्याआधीची १९७७ ते १९७९ ची पुठ्ठ्याची पुस्तकं आजही घट्ट आहेत. आपल्या उन्हाळ्यात डिंक वाळून कडक होतो, म्हणून पत्र्याखालच्या खोलीत किंवा माळ्यावर अशी पुस्तकं ठेवू नका.

बहुतेकांची गाठ पीडीएफशीच पडते. ती रीतसर विकत घ्या. जुनी बरीच मॉड्यूलं अधिकृतपणे विकली जातात. विकत घेण्याआधी नमुन्याची पानं मोठी करून बघा. स्कॅन धूसर असेल तर नकाशावरचे खोल्यांचे आकडे वाचता येत नाहीत, आणि मग साहस कितीही थोर असलं तरी निरुपयोगी.

छापून घेताना दोन्हींच्या वेगळ्या खोडी आहेत. जुन्या मॉड्यूलचे नकाशे फिकट निळ्या रंगात असतात आणि साध्या झेरॉक्सवर त्या रेघा पार उडतात. दुकानात जाण्याआधी मोबाइलवर ते पान कृष्णधवल करून काँट्रास्ट वाढवा, मग प्रिंट काढा. नव्या पुस्तकांच्या प्रत्येक पानाला जुन्या चर्मपत्रासारखी रंगीत पार्श्वभूमी असते. काळ्या-पांढऱ्यात ती राखाडी होते, अक्षरं बुडतात आणि दुकानदार टोनरच्या नावानं ओरडतो. फक्त लागणारी पानं निवडून छापा. जुन्या मॉड्यूलचं कव्हर बहुतेकदा सुटं असायचं आणि नकाशा त्याच्या आतल्या बाजूला छापलेला असायचा, म्हणजे ते उभं केलं की डीएमचा पडदाही झाला आणि नकाशाही समोर राहिला. हीच सोय जाड पुठ्ठ्यावर प्रिंट चिकटवून नव्या पुस्तकासाठीही करता येते.

शेवटी खेळून बघा

वाचून दिलेले गुण कच्चे समजा. दोन्ही पुस्तकांतून साधारण सारख्या लांबीचा भाग निवडा, प्रत्येकी एका बैठकीत संपेल एवढा. शक्य असेल तर दोन वेगळे ग्रुप घ्या, कारण एकाच ग्रुपला दुसऱ्या वेळी उत्तरं माहीत असतात. पात्रं आधीच तयार करून द्या, नाहीतर पहिला तास त्यातच जातो.

खेळाडूंपैकी एकाला वही द्या. त्यानं तीनच गोष्टी टिपायच्या: डीएमनं खेळ थांबवून पुस्तक किती वेळा उघडलं, टेबल कुठल्या जागी गप्प पडलं, आणि पुस्तकात नसलेली युक्ती खेळाडूंनी कुठे काढली. तिसरी नोंद सर्वांत महत्त्वाची. युक्त्या जिथे निघतात ती जागा लेखकानं नीट बांधलेली असते. डीएमनं आपल्या तयारीचे तास वेगळे लिहावेत. दुसऱ्या दिवशी, रात्रीची धुंदी उतरल्यावर, प्रत्येक खेळाडूला फोन करून एकच विचारा: काय आठवतं? कोणाला चकत्यांची खोली आठवेल, कोणाला किल्लेदार. पुठ्ठा गुळगुळीत होता हे कोणीही सांगणार नाही.

खरेदी या नोंदींवरून करा. तयारीला वेळ नसेल आणि ग्रुप महिन्यातून एकदाच जमत असेल, तर ३२ पानांची जुनी मॉड्यूलं आणि त्यांसोबत आजच्या सुटसुटीत मांडणीचे नियम, हा मेळ छान जमतो. दर आठवड्याला बसणाऱ्यांनी नवं मोठं कॅम्पेन (अनेक बैठकी चालणारी सलग कथा) घ्यावं, पण त्याची जुनी आवृत्तीही पीडीएफमध्ये सोबत ठेवावी. नवा लेखक जिथे चार पानं घेतो, तिथे जुन्याचा एकच परिच्छेद ऐन बैठकीत पटकन हाताशी येतो.